तेरा आकड्यांचा पंचनामा

संपादकांना हवा होता क्षेपणास्त्रांच्या ताकदीवरचा लेख. मी अडकलो एका नंबरात.

23 नोव्हेंबर 2022 ला रशियाने युक्रेनवर क्षेपणास्त्रांचा भडिमार केला. त्यानंतर कीव्हमध्ये ‘कॉन्फ्लिक्ट आर्ममेंट रिसर्च’ या ब्रिटिश संस्थेच्या तपासनिसांनी केएच-101 या क्रूझ क्षेपणास्त्राचे तुकडे तपासले. युद्धात सापडलेलं हत्यार आलं कुठून, याचा माग काढणं हे 2011 पासूनचं या संस्थेचं काम.

वॉरहेड सापडलं की ओळख पटली, असं आपल्याला वाटतं. पण नेमकं तेच हाती लागत नाही. चारशे किलोंहून जड वॉरहेड फुटलं की त्याच्या चिंध्या होतात. मागे राहतं ते शेपटाकडचं: इंजिन, पंखाचा तुकडा, चुरगळलेला पत्रा. केएच-101 विमानातून सुटलं की त्याचं इंजिन पोटातून खाली उतरतं आणि उड्डाणभर तिथेच लोंबत राहतं. ते तसं सापडलं की अर्धी ओळख तिथेच पटते.

उरलेली अर्धी तुकड्यांवर कोरलेल्या त्या नंबरात. आरटीओत पासिंगच्या वेळी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात ना, तसाच हाही कारखान्याचा कारकुनी नंबर. तेरा आकडी. तपासनिसांनी लावलेला अर्थ असा: पहिले तीन आकडे कारखान्याचे, पुढचे तीन क्षेपणास्त्राच्या प्रकाराचे, मग दोन आकडे तिमाही आणि वर्ष सांगणारे, शेवटचे पाच बॅच आणि अनुक्रमांकाचे. एक क्षेपणास्त्र निघालं जुलै ते सप्टेंबर 2022 मधलं. दुसरं ऑक्टोबर सुरू झाल्यानंतरचं, म्हणजे हल्ल्याच्या वेळी तयार होऊन आठ आठवडेही झाले नव्हते. रशियावर कडक निर्बंध लागून तोवर नऊ महिने होत आले होते! हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

पण नंबर नेहमी इतका सरळ बोलत नाही. आगीत तो वितळतो. आतल्या चिपवरचं साल कित्येक वर्षं जुनं असू शकतं; त्यावरून अख्ख्या क्षेपणास्त्राचं वय काढलं तर फसगत ठरलेली. त्याच नोव्हेंबर महिन्यात ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने एक वेगळीच गोष्ट सांगितली: मुळात अणुस्फोटकासाठी बनवलेली जुनी केएच-55 क्षेपणास्त्रं बहुधा वॉरहेड काढून सोडली जात होती. वॉरहेडच्या जागी नुसतं वजन.

शिवाय आलेलं क्षेपणास्त्र हवेत पाडणाऱ्या क्षेपणास्त्राचे तुकडेही त्याच रस्त्यावर पडतात. 8 जुलै 2024 ला कीव्हमधल्या ओखमातदित या मुलांच्या रुग्णालयावर हल्ला झाला. युक्रेनने केएच-101 चे तुकडे दाखवले, रशियाने युक्रेनच्याच हवाई संरक्षणाकडे बोट दाखवलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार पथकाने व्हिडिओ आणि जागा पाहून थेट माऱ्याचीच शक्यता जास्त असल्याचं म्हटलं.

खारकीव्हमध्ये सरकारी वकिलांच्या यंत्रणेने असा मुद्देमाल एका मोकळ्या आवारात जमा केला आहे. रॉकेटांची नळकांडी प्रकारवार रांगेत मांडलेली, उद्याच्या खटल्यांसाठी. वर आभाळ उघडं. पोलादावरचे आकडे गंज चढायच्या आत टिपून घ्यावे लागतात.