टेबल बोलले की माणूस?

रहस्यकथा म्हणजे काय? एखादा गुन्हा घडतो. तो कोणी केला हे शेवटपर्यंत कळत नाही. वाचणाराही मनाशी तर्क करीत राहतो. कधी कधी अशा कथेत भुताचीही सावली असते.

इंग्लंडात अगाथा ख्रिस्ती नावाच्या बाईंनी अशा पुष्कळ कथा लिहिल्या. त्यांतली १९३१ सालची ही एक.

डार्टमूर नावाचे मोठे माळरान आहे. त्याच्या कडेला एक लहानसे खेडे. थंडीचे दिवस. जिकडे तिकडे बर्फ. एका घरात सहा जण टेबलाभोवती बसले. गंमत म्हणून त्यांनी टेबलावर हात ठेवले आणि आत्म्याला बोलावले. टेबल हलू लागले! ठोके मोजून अक्षरे जुळवली. निरोप आला : ‘कॅप्टन ट्रेव्हेलियन मेला. खून झाला.’ सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

हा कॅप्टन सहा मैलांवर राहत होता. त्याचा जुना दोस्त मेजर बर्नबी तिथेच बसला होता. “जाऊन बघतो,” म्हणून तो पायी निघाला. तिथे पोचायला त्याला अडीच तास लागले. पाहतो तो काय! कॅप्टन खरोखरच मरून पडला होता. डॉक्टर म्हणाले, टेबल बोलले त्याच सुमारास जीव गेला.

पोलिसांनी कॅप्टनच्या भाच्याला धरले. त्याचे लग्न एमिली नावाच्या मुलीशी ठरले होते. ती भुताला भ्याली नाही. ती माणसांना प्रश्न विचारत गेली. शेवटी खरे बाहेर आले. बर्फावरून घसरत जायला तिकडे पायांना लांब फळ्या बांधतात. तशा फळ्या बांधून बर्नबी काही मिनिटांतच उतरला होता. पैशाच्या लोभाने त्यानेच मित्राला मारले. घराबाहेर पडायला निमित्त हवे, म्हणून टेबलही त्यानेच हलवले!

ही झाली रचलेली गोष्ट. आता खरी ऐका. १८५३ साली फॅरडे या शास्त्रज्ञाने अशा टेबलाची परीक्षा घेतली. हात आणि टेबल यांच्यामध्ये त्याने पुठ्ठ्याचे थर ठेवले. आधी काय सरकते, हात की टेबल? आधी हातच सरकले! बसणारे लबाड नव्हते. नकळत तेच टेबल ढकलत होते. आपले हात सरकतात हे त्यांना दिसू लागले, तेव्हा टेबल थांबले.

आपल्याकडेही वाटीवर बोट ठेवून आत्म्याला बोलावतात. वाटीने कोणाचे नाव घेतले, तर त्या माणसावर उगाच आळ येतो. घरात भांडणे लागतात. म्हणून वाटी सरकली तर घाबरू नका. वाटीवर बोटे कोणाची आहेत, ते आधी पाहा.