डोळ्यात मध घालावा का?

आमच्या चोरखमाऱ्याला एका बाजूने नागझिऱ्याचे जंगल, दुसऱ्या बाजूने धानाची शेती. घरात मध असतो आणि धान चुरताना डोळ्यात कुसळही जाते. मग "मध घाल, बरे होईल" असे सांगणारे भेटतात.

हे अगदीच खोटे नाही. भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूंना मुभा दिलेल्या पाच औषधांत मध आहे. त्यातील दाट साखर आणि आम्लता जंतूंना वाढू देत नाही. निर्जंतुक केलेल्या मधाचे थेंब कोरड्या डोळ्यांसाठी तपासले गेले आहेत. बुबुळाच्या जखमेवरचे बरेचसे प्रयोग मात्र प्राण्यांवरचे आहेत.

मोहोळाचा मध निर्जंतुक नसतो. कुसळाच्या जखमेत बुरशी शिरली तर बुबुळावर पांढरा ठिपका पडतो, नजरही जाऊ शकते. त्यावर नॅटामायसिनसारखे बुरशीनाशक थेंबच लागतात. दुकानातून मनाने आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी बुरशी उलट वाढते.

म्हणून कुसळ गेले तर:
• डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा.
• रुतलेले कुसळ घरी काढू नका.
• मध, दूध, पाल्याचा रस घालू नका.
• दुखणे, लाली, अंधुकपणा असल्यास त्याच दिवशी तिरोडा किंवा गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात डोळे दाखवा.
• धान चुरताना साधा चष्मा लावा.

परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हीच कालाम सुत्ताची शिकवण. मध खाण्यासाठी ठेवूया. वर्षाच्या आतील बाळाला मात्र तोही नको.