एक मादी पुरते

ब्राझीलमधल्या पिवळ्या विंचवाला जोडीदार लागत नाही. तिथल्या शहरांत आढळणाऱ्या ‘टिटियस सेऱ्युलाटस’ या जातीत जवळजवळ साऱ्या माद्याच. नराशिवायच त्यांच्या पोटी पिल्ले वाढतात, तीही माद्याच. एका वेळी वीसेक. पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवर बसून असतात. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ म्हणतात ते हेच. मालाच्या खोक्यातून अशी एक मादी नव्या गावी उतरली, की तिथे वस्ती उभी राहते.

हा विंचू मूळचा मिनास जेराइस राज्याकडचा. आज तो साओ पाउलो राज्यातल्या शहरांतही गटारांत आणि भिंतींच्या फटींत राहतो. त्याला खायला झुरळे लागतात, आणि शहरात झुरळांना तोटा नाही. औषध फवारावे, तर तो मरण्याऐवजी बिथरून घरात शिरतो. ब्राझीलमध्ये आता वर्षाला १ लाखाहून जास्त विंचूदंश नोंदले जातात. मोठ्यांचे बहुधा वेदनेवर निभावते, पण लहान मुलांच्या जिवावर बेतते.

परका विंचू दरवेळी घातकच असतो असे नाही. इंग्लंडमधल्या शीअरनेस गोदीच्या भिंतींत दक्षिण युरोपातून आलेले विंचू दीडशेहून अधिक वर्षे नांदत आहेत; त्यांचा दंश सौम्य असतो. पण नांगी मारणारा कोणत्या जातीचा, हे कळणार कसे? २०१७ साली ह्यूस्टनहून कॅल्गरीला जाणाऱ्या विमानात वरच्या कप्प्यातून पडलेला विंचू एका प्रवाशाला डसला. विंचू असा हजारो मैल जातो, प्रतिविष मात्र मागेच राहते. ते त्या त्या प्रदेशातल्या जातींच्या विषावरून बनते आणि साठवलेही तिथेच जाते.

म्हणूनच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे काम मला फार मोलाचे वाटते. कोकणातला तांबडा विंचू चावला की शरीरात ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. प्रतिविष हाताशी नसताना, १९८०च्या दशकात, त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन वापरून असे रुग्ण वाचवले. ही गोळी विष मारत नाही. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते.

बाहेरगावचे खोके, लाकूड, प्रवासाची बॅग उघडताना आत थेट हात घालू नका. दंश झालाच, तर तडक दवाखाना गाठा आणि ते सामान कुठून आले होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.