पावसाळी पाहुणे आणि एकच कढई

लोणावळा-खंडाळ्यात ज्यांचे घर आहे, त्यांच्याकडे पावसाळ्यातील शनिवार-रविवारी पाहुण्यांची वर्दळ असणार, हे ठरलेलेच. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून तर ‘सहज निघालो होतो’ म्हणत चार-सहा जण दाराशी उभे राहणे नित्याचे झाले आहे. भिजून, गारठून आलेल्या या मंडळींना साग्रसंगीत जेवण नको असते. काहीतरी गरम आणि चटपटीत हवे असते. मात्र या साध्या आदरातिथ्यातही एक गोष्ट हमखास घडते. पाहुणे व्हरांड्यात बसून पाऊस पाहतात, गप्पा रंगतात आणि घरातील एक व्यक्ती, बहुधा गृहिणी, दोन तास कढईसमोर उभी राहते. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यांच्याशी चार शब्द बोलणेही तिला जमत नाही.

यावर उपाय आहे तो पदार्थांच्या निवडीत. तळणीचा पदार्थ एकच ठेवावा. बाकीचे आधी करून ठेवता येतील किंवा झाकणाखाली आपोआप शिजतील असे असावेत. घाटमाथ्यावर पावसात वीज जाणे नवे नाही, तेव्हा मिक्सरवाचून अडणार नाही याचीही काळजी घ्यावी. पुढील प्रमाण सहा जणांसाठी आहे.

भजी, पण एकाच प्रकारची

चार मध्यम कांदे उभे, पातळ चिरून त्यांना अर्धा चमचा मीठ चोळावे आणि पंधरा मिनिटे ठेवावे. मिठामुळे कांद्याला पाणी सुटते. त्या पाण्यात मावेल एवढेच, म्हणजे साधारण सव्वा वाटी डाळीचे पीठ आणि दोन चमचे तांदळाचे पीठ घालावे. तिखट, हळद व हाताने चुरडलेला ओवा घालून कालवावे. वरून पाणी मुळीच घालू नये. भजी मऊ पडतात ती या जादा पाण्यामुळेच. तांदळाच्या पिठाने कुरकुरीतपणा येतो. पिठाचा थेंब टाकताच तो लगेच वर आला, की तेल तापले असे समजावे आणि मग आच मध्यम करावी.

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा दमट हवेत तळलेला पदार्थ फार वेळ कुरकुरीत राहत नाही. भज्यांचा ढीग करून त्यावर झाकण ठेवले, तर आतल्या वाफेनेच ती नरम होतात. म्हणून सर्व जण बसल्यावरच तळणीला सुरुवात करावी आणि घाणा जाळीवर पसरून लगेच वाढावा.

येथे पंचांगाचाही विचार करावा लागतो. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी होते आणि त्यानंतर चातुर्मासात अनेक घरांत कांदा-लसूण वर्ज्य असतो. अशा पाहुण्यांसाठी बटाट्याच्या पातळ चकत्यांची किंवा ओव्याच्या पानांची भजी करावीत. मक्याची भजी करायची असल्यास कणसे किसणीवर किसून घ्यावीत. अख्खे दाणे गरम तेलात फुटून अंगावर उडण्याचा धोका असतो.

उकड, मावळच्या तांदळाची

दुसरा पदार्थ तांदळाच्या पिठाची उकड. मावळात यासाठी इंद्रायणी तांदूळ सहज मिळतो. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ या वाणांच्या संकरातून वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेला हा वाण १९८७ साली प्रसारित झाला. याचा भात सुवासिक आणि किंचित चिकट होतो. हाच चिकटपणा उकडीला मऊपणा देतो.

दोन वाट्या पीठ पाच वाट्या आंबट ताकात गुठळ्या न ठेवता कालवावे. त्यात चवीपुरते मीठ घालावे. तेलात मोहरी, जिरे, हिंग, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि ठेचलेला लसूण यांची फोडणी करावी. लसूण चालत नसेल, तर किसलेले आले घालावे. फोडणीत मिश्रण ओतून सतत ढवळावे. ते घट्ट होऊ लागले, की आच मंद करून झाकण ठेवावे आणि सात-आठ मिनिटे वाफ येऊ द्यावी. वाढताना वरून कच्चे तेल घालावे. पातेले एकदा झाकले, की करणारी व्यक्ती बाहेर येऊन बसायला मोकळी होते.

कणसे उकडून ठेवण्याचे कामही आधीच उरकते. उकडताना मीठ घालू नये, त्याने दाणे कडक होतात असा अनुभव आहे. वाढताना लोणी, तिखट, मीठ आणि लिंबू लावले, की झाले.

पेये: गरम आणि सोपी

उन्हाळ्यात पन्हे वा मठ्ठा चालतो, पण ओल्या अंगाने आलेल्यांना थंड सरबत देण्यात अर्थ नाही. त्याऐवजी गरम आमसुलाचे सार पेल्यातून द्यावे. बारा आमसुले दोन वाट्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करावीत व गाळून घ्यावीत. त्यात चार वाट्या पाणी, दोन-तीन चमचे गूळ व मीठ घालावे. तुपात जिरे, हिंग, मिरची यांची फोडणी देऊन एक उकळी आणावी. सार आंबट असल्याने अॅल्युमिनियमचे भांडे टाळून स्टीलचे घ्यावे.

चहा करायचा तर गवती चहा आणि आले आधी पाण्यात चांगले उकळावे, दूध मागाहून घालावे. आल्यातील एका घटकामुळे दूध नासू शकते. आले आधी उकळल्याने तो घटक निष्प्रभ होतो.

काही पथ्ये

पावसाळ्यात पाणी गढूळ होते. पिण्याचे पाणी गाळून खळखळून उकळावे आणि बर्फही त्याच पाण्याचा असावा. कापलेली कच्ची कोशिंबीर व हिरवी चटणी फार वेळ उघडी ठेवू नये. त्यापेक्षा शेंगदाण्याची सुकी चटणी निर्धोक. तळून काळे पडलेले तेल पुन्हा वापरू नये.

अखेरीस गोड म्हणून चिक्की आहेच. तिच्यातील गूळ वा साखर हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे उघडे पाकीट तासाभरात चिकट होते. घट्ट झाकणाच्या डब्यातून ती ऐनवेळीच काढावी.

कांदे चिरणे, कणसे सोलणे, पेले भरणे ही कामे पाहुण्यांना सांगण्यात संकोच बाळगू नये. घरच्या पुरुषांनी कढईचा ताबा घेतला तर उत्तमच. चार पदार्थ कमी झाले तरी कोणी तक्रार करीत नाही. यजमानीणबाई मात्र बाहेर येऊन गप्पांत बसल्या, तर पाहुण्यांनाही आपण भार झालो असे वाटत नाही.