पत्त्यांच्या जादूतील शब्दकिल्ली

पत्त्यांचे खेळ जादूगार कोठे शिकतो? पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्या घराण्यात ही विद्या तीन पिढ्या चालत आली. इतरांस ग्रंथांचा आधार. हातचलाखीसाठी अर्डनेझचा १९०२ चा ग्रंथ आजही अभ्यासिला जातो. भाषाभ्यासकास मात्र प्रो. हॉफमन यांच्या ‘मॉडर्न मॅजिक’ (१८७६) मधील एक खेळ अधिक मोलाचा वाटावा; कारण त्यात बोटांचे कौशल्य जवळजवळ नाहीच, सारे काम शब्द करितात.

वीस पत्त्यांच्या दहा जोड्यांपैकी एक प्रेक्षकाने मनात धरावयाची. जोड्या न मोडता पत्ते गोळा करून जादूगार ते चार ओळींत मांडतो आणि ‘आपले पत्ते कोणत्या ओळींत?’ एवढेच विचारून जोडी ओळखतो. त्याच्या मनात ‘मूतुस नोमेन देदित कोकिस’ हे लॅटिन शब्द असतात. त्यांत दहा अक्षरे प्रत्येकी दोनदा येतात. जोडीचे पत्ते समान अक्षरांच्या जागी पडतात.

या किल्लीचे भाषांतर व्यर्थ होय. ती नव्याने घडवावी लागते. कटपयादी पद्धतीप्रमाणे स्वरचिन्हे सोडून व्यंजनेच मोजली, तर बारा पत्त्यांस ‘नवनीत, सरोवर, कौतुकास’ ही शब्दत्रयी पुरते. पहिली व दुसरी ओळ म्हटली की ‘व’; दोन्ही पत्ते तिसरीत म्हटले की ‘क’. नागपुरात आमच्या वर्गात अक्षर आणि वर्ण यांतील भेद समजाविताना ती उपयोगी पडते.

वीस पत्त्यांसाठी पाच व्यंजनांचे चार शब्द हवेत. प्रत्येकात एक व्यंजन दोनदा, शिवाय उरलेल्या तिन्ही शब्दांशी एकेक व्यंजन समान. ही जुळणी प्रस्तुत लेखकास अद्याप साधलेली नाही. वाचकांनी यत्न करावा.