सत्त्याहत्तरची रेघ

पंपाची बातमी एव्हाना तुमच्यापर्यंत पोचली असेल. हार्ट अटॅकनंतर रक्तदाब कोसळून शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाला ‘इम्पेला’ हा तात्पुरता पंप बसवला तर वाचण्याची शक्यता वाढते, पण वय ७७ च्या पुढे असेल तर तसा फायदा दिसत नाही. लोकांच्या लक्षात राहिला तो बातमीचा उत्तरार्ध. भिवंडीत धामणकर नाक्यावर चहा घेताना एका निवृत्त मास्तरांनी मला थेटच विचारले, “म्हणजे आमचं आता काही करायचंच नाही, असं ठरलं का हो?”

मास्तर कागदोपत्री ७८ चे. रोज सकाळी वऱ्हाळदेवी तलावापर्यंत चालत जाऊन येतात. मी काही बोलायच्या आत तेच हसले. “आणि ७८ तरी कुणी पाहिलंय? माझी जन्मतारीख १ जून. पुढं मी स्वतः किती पोरांना १ जून लावली, त्याचा हिशेब नाही.”

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराची उंची बघून साल ठरवले आणि तारीख घातली १ जून. अशा पिढीच्या छातीवर ७७ ची रेघ ओढायची, तर ती रेघ आली कुठून हे आधी बघायला हवे.

पंप कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. जांघेतल्या रोहिणीतून एक नळी वर सरकवतात, ती महाधमनीची झडप ओलांडून हृदयाच्या डाव्या कप्प्यात जाते. नळीच्या टोकाचा पंप शिसपेन्सिलीहून बारीक असतो. त्याचे पाते पूर्ण वेगात मिनिटाला ४६,००० फेऱ्या घेते आणि कप्प्यातले रक्त उपसून महाधमनीत सोडते. आपल्या साध्या यंत्रमागाचा धोटा मिनिटाला शे-सव्वाशे खेपा करतो, यावरून अंदाज घ्या. ही कल्पना रिचर्ड वॅम्पलर या अमेरिकी डॉक्टरची. १९७६ मध्ये इजिप्तच्या एका खेड्यात त्यांनी माणसे हाताने स्क्रू फिरवून नदीचे पाणी शेतात चढवताना पाहिली. आर्किमिडीजच्या नावाने ओळखला जाणारा तो स्क्रू त्यांच्या डोक्यात बसला. त्यातून ‘हीमोपंप’ झाला आणि १९८८ मध्ये ह्यूस्टनला तो पहिल्यांदा माणसाच्या हृदयात फिरला. इम्पेला ही त्याची पुढची पिढी.

कल्पना देखणी आहे, पण देखण्या यंत्राची परीक्षा घ्यायला वैद्यक नेहमीच उशीर करते. अमेरिकेत शॉकसाठी या पंपाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. पंपाने जीव वाचतात हे यादृच्छिक चाचणीत दिसले ते २०२४ मध्ये, ‘डेन्जर शॉक’ या चाचणीत. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमध्ये ३६० रुग्ण गोळा करायला दहा वर्षे लागली. त्यांतल्या ३५५ जणांचा हिशेब मांडला, तेव्हा १८० दिवसांत पंपाच्या गटात ४५.८ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांच्या गटात ५८.५ टक्के. म्हणजे आठ जणांना पंप बसवला तर एक जास्तीचा जीव वाचतो. शॉकच्या बाबतीत हे फार मोठे यश आहे. २०१२ च्या चाचणीत फुग्याचा पंप आणि २०२३ च्या चाचणीत एक्मो हे शरीराबाहेरचे हृदय-फुफ्फुस यंत्र, दोन्ही मृत्यू कमी करू शकले नव्हते.

या यशाची किंमतही त्याच कागदावर आहे. गंभीर रक्तस्राव पंपाच्या गटात २१.८ टक्के, दुसऱ्या गटात ११.९. डायलिसिस लागले ४१.९ टक्क्यांना, दुसरीकडे २६.७. पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रमाण ५.६ टक्के, दुसरीकडे १.१. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएनेही बजावले. पंप हृदयाच्या भिंतीला भोक पाडू शकतो, असे सांगताना १२९ गंभीर इजा आणि त्यांतल्या ४९ मृत्यूंच्या नोंदी तिने पुढे ठेवल्या. कोवळ्या रोहिण्यांतून जी नळी सरसर जाते, ती चुन्याने कडक झालेल्या, वळणे घेतलेल्या रोहिण्यांतून जाताना इजा करणारच. म्हाताऱ्या मूत्रपिंडालाही डायलिसिसमधून परत येणे जड जाते. त्यामुळे ७७ च्या पुढे फायदा विरून जावा, हे अगदी पटण्यासारखे आहे.

आणि पटण्यासारखे आहे म्हणूनच मी बिचकतो. कारण असेच एकदा घडून गेले आहे.

१९९९ मध्ये ज्युडिथ हॉकमन यांची ‘शॉक’ चाचणी प्रसिद्ध झाली. प्रश्न असा होता की शॉकमधल्या रुग्णाची बंद रक्तवाहिनी अँजिओप्लास्टीने वा बायपासने तातडीने उघडावी, की आधी औषधांनी त्याला स्थिर करावे. एकूण ३०२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी तातडीने उघडण्याची बाजू जिंकली. पण ७५ च्या पुढच्या गटात आकडे उलटे निघाले. तातडीचे उपचार मिळालेल्या २४ पैकी १८ महिन्याभरात गेले, औषधांवर ठेवलेल्या ३२ पैकी १७. चोवीस आणि बत्तीस मिळून छप्पन्न माणसे. एका एसटीत मावतील एवढी. या छप्पन्न जणांवरून रेघ पडली आणि २००४ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत ७५ च्या आतल्यांसाठी ‘कराच’ आणि पुढच्यांसाठी ‘निवडून करा’ असा भेद आला. जगभरच्या अतिदक्षता विभागांत या रेघेवरून किती म्हाताऱ्यांना कॅथलॅबच्या बाहेरच थांबवले गेले असेल, ते कुणी मोजलेले नाही.

नंतर बारकाईने पाहिल्यावर दिसले की तातडीच्या गटात आलेल्या त्या २४ म्हाताऱ्यांची हृदये मुळातच जास्त दुबळी होती. चिठ्ठीचा खेळ होता तो. चाचणीबाहेरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा डॉक्टरांनी प्रकृती पाहून निवडलेल्या पंच्याहत्तरीपुढच्या माणसांना वाहिनी उघडल्याचा फायदा झालेला आढळला. पुढे ती रेघ पुसट होत गेली.

आता ७७. डेन्जर शॉकच्या ३५५ जणांत सत्त्याहत्तरीपुढचे शंभराच्या आतच. त्यांना पंपाने अपायच होतो की थोडा फायदा होतो, हे एवढ्या आकड्यांवरून ठामपणे म्हणता येत नाही. संशोधकांनी वयाचे हे विश्लेषण केले ते बरेच केले, डॉक्टरला सावध करायला ते उपयोगी आहे. पण सावधगिरीचा फलक आणि बंद फाटक यांतला फरक नातेवाइकांना कळेनासा झाला, की मास्तरांसारखा माणूस चहाच्या टपरीवर स्वतःला निकालात काढतो. माझ्या मते, तलावाला फेरी मारणारा ७८ चा माणूस आणि तीन वर्षे खाटेवर असलेला ७० चा माणूस यांत पंपासाठी उमेदवार पहिलाच. दम, स्मरण, मूत्रपिंड, चालणे यांवरून ठरणारे वय आधार कार्डावर छापलेले नसते.

भिवंडीपुरते बोलायचे, तर हा सगळा वाद आपल्यासाठी थोडी चैनच आहे. डेन्जर शॉकमधल्या रुग्णांचे मध्यम वय ६७ होते. ‘इंटरहार्ट’ या जागतिक अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतर देशांत तो ५८.८ व्या वर्षी. म्हणजे आपल्याकडे शॉकमध्ये येणारा माणूस बहुधा कमावता असतो. रात्रपाळीत माग चालवणारा, मानकोलीच्या गोदामात गोण्या वाहणारा, तंबाखू आणि चहावर बारा तास काढणारा. सत्त्याहत्तरची रेघ त्याच्यापासून वीस-पंचवीस वर्षे दूर आहे.

त्याच्यापुढचा आकडा वेगळा आहे, ३६०. वीस हजारांहून अधिक भारतीय रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदणीत, २००८ च्या अहवालानुसार, कळ सुरू झाल्यापासून दवाखान्याचे दार गाठायला मध्यम वेळ लागला ३६० मिनिटे. सहा तास. त्यातले निम्मे ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा आणि ओवा घेण्यात जात असतील, असे मी आमच्या गल्लीचा अनुभव बघून म्हणतो. मग कुणीतरी रिक्षा बोलावतो, जवळच्या दवाखान्यात ‘पुढे न्या’ म्हणतात आणि पुढे म्हणजे कशेळीच्या पुलावरून ठाणे, कळवा, नाहीतर थेट परळ. अंजूरफाट्यावर कंटेनर आडवे लागले असतील, तर ॲम्ब्युलन्सचा भोंगा नुसता वाजत राहतो. तोवर हृदयाचा जो स्नायू गेला तो गेला. अतिदक्षता विभागाच्या दारात नर्स सांगते, “बीपी लागत नाहीये.” शॉकचे हे आपल्या बोलीतले नाव.

पैशाचे तर विचारूच नका. महात्मा फुले योजनेचे कवच कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे. २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचे वेगळे कवच आहे. म्हणजे सरकारची रेघ सत्तरला सुरू होते आणि पंपाची सत्त्याहत्तरला संपते. एकदाच वापरायच्या या पंपाची किंमत पाच लाखांच्या कितीतरी पुढे जाते, त्यामुळे सत्तर काय आणि सत्त्याहत्तर काय. भिवंडीतल्या बहुतेक घरांसाठी वयाच्या आधी खिसाच निकाल देतो. माझ्या हातात निधी असता, तर एका पंपाच्या पैशात मी पॉवरलूमच्या वस्त्यांतल्या छोट्या दवाखान्यांना ईसीजी यंत्रे दिली असती. ईसीजी वेळेवर निघाला आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत मिळाले, तर पुष्कळांना पंपाची गरजच पडणार नाही.

मास्तरांना मी एवढेच सांगितले आणि वाचकांनाही सांगतो. छातीवर दाब येऊन घाम फुटला, तर वेळ कागदावर लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा, ओवा नंतर. दवाखान्याच्या दारात डॉक्टर वय विचारतील, तेव्हा कार्डावरचा आकडा सांगा आणि त्याच दमात हेही सांगा की कळ किती वाजता आली, आणि गेल्या आठवड्यापर्यंत हा माणूस आपल्या पायांनी किती लांब चालत होता.