गर्भवतीच्या मनाची विचारपूस : एक भाषिक प्रश्न

सुश्रुतसंहितेत गर्भिणीस ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदये असलेली स्त्री, असे म्हटले आहे. आपल्या ‘डोहाळे’ या शब्दाचे मूळ अनेक अभ्यासक याच कल्पनेत शोधतात. गर्भारपणी स्त्रीच्या मनाकडे लक्ष पुरविले पाहिजे ही जाणीव अशा रीतीने भाषेत फार पूर्वीपासून नांदत आहे. प्रसूतिपूर्व तपासणीत मात्र वजन, रक्तदाब व हिमोग्लोबिन यांची नोंद होते आणि मन बहुधा अनुल्लेखित राहते. मानसिक साहाय्याचा याच तपासणीत अंतर्भाव करावा, असा विचार अलीकडे मांडला जातो. ते साहाय्य कोणास हवे हे प्रथम विचारूनच ठरवावे लागते; म्हणून त्या विचारण्याच्या भाषेचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

या कामी योजिली जाणारी एडिंबरो प्रश्नावली कॉक्स, होल्डन व सॅगोव्स्की यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा मूळ हेतू प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्याचा. पुढे ती गर्भारपणातही वापरली जाऊ लागली. तीत दहा विधाने असून गेल्या सात दिवसांतील अवस्थेस अनुलक्षून प्रत्येकास ० ते ३ गुण दिले जातात. बेरीज अधिक भरणे म्हणजे निदान नव्हे. पुढील चौकशीची ती सूचना होय.

सहाव्या विधानात एक इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्याचे शब्दशः भाषांतर ‘गोष्टी माझ्या डोक्यावर चढत आहेत’ असे काहीसे होईल. परंतु मराठीत डोक्यावर चढते ते लाडावलेले मूल! अभिप्रेत अर्थ ‘मला आता झेपत नाही’ या उक्तीत उतरतो. सातव्या विधानात झोप न लागण्याचे कारण मनाचे दुःख असल्याचे स्पष्ट केले आहे. वाक्य सुटसुटीत करण्याच्या भरात ‘इतके... की’ ही जोडी गळाली, तर केवळ ‘झोप लागत नाही’ एवढेच उरते; आणि कूस बदलणे जड जाणारी कोणतीही निरोगी गर्भवती त्यास होकार देईल.

दहावे विधान स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. येथील चूक सर्वांत महाग पडणारी. ‘जीव नकोसा होतो का?’ असे विचारावे, तर उकाड्यानेही आपला जीव नकोसा होतो. ‘आत्मघाताचा विचार’ म्हणावे, तर कोर्टकचेरीची छाया पडून स्त्री गप्प बसते. ‘स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का?’ ही बोलीतील रचना अर्थ व आपुलकी दोन्ही राखते. तीही एकांतातच विचारावयास हवी. वडीलधारी बाई शेजारी बसली असता ‘बरे आहे ना?’ यास ‘बरे आहे’ हेच प्रत्युत्तर येते. तो शिष्टाचार होय, माहिती नव्हे.

विचारपुशीनंतरच्या बोलण्यासही हाच न्याय लागू पडतो. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान व सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील आरोग्यसेविका गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यापासून नैराश्यग्रस्त स्त्रियांना घरी भेटत. आजाराचा शिक्का न मारता बाळाच्या उत्तम वाढीच्या निमित्ताने बोलणे सुरू होई. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या स्त्रियांपैकी २३ टक्के, तर प्रशिक्षणाविना तितक्याच भेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के नैराश्यात होत्या. या फरकाचे सारे श्रेय शब्दयोजनेस देता येणार नाही, कारण त्यामागे पद्धतशीर प्रशिक्षण होते. तथापि घराचे दार उघडले ते त्या निमित्तानेच, असे म्हणावयास हरकत नाही.

वैद्यकाने मापनाची काटेकोर साधने दिली आहेत. ती मराठी घरात नेताना भाषेच्या अभ्यासकास अखेरीस मुद्रितशोधनापुरते बोलाविण्याची प्रथा सोडावी लागेल. मसुदा तयार होत असतानाच, स्त्रियांचे प्रत्यक्ष बोलणे ऐकून, त्याने आपला वाटा उचलला पाहिजे. प्रश्नच कळला नाही, तर त्यापुढील साहाय्य कितीही चांगले असले तरी जिला हवे तिच्यापर्यंत पोचणार कसे?